कोणत्या त्रासाला कोणता मानसशास्त्रज्ञ? मराठवाड्यात योग्य माणूस कसा शोधायचा

घरात कुणाला मानसशास्त्रज्ञाची गरज पडली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘चांगला डॉक्टर कोण आहे?’ मेव्हण्याच्या ओळखीतला कुणीतरी नाव सांगतो, आपण नंबर लावतो, दोनदा जातो, फरक पडत नाही. मग ‘बोलून काही होत नसतंय’ असं म्हणून विषय संपतो. गुडघा दुखला म्हणून दाताच्या डॉक्टरकडे कुणी जात नाही. मनाच्या बाबतीत मात्र एकच पाटी सगळ्यांना पुरेल असं आपण धरून चालतो. चार वर्षांचं न बोलणारं पोरगं, हात धुऊन धुऊन कातडी सोललेली सून, नीटच्या दुसऱ्या अटेम्प्टला झोप उडालेला मुलगा आणि रोज संध्याकाळी पिणारा भाऊ, या चौघांना वेगवेगळी माणसं लागतात. म्हणून ‘चांगला कोण’ हे नंतर बघू, ‘कशासाठी’ हे आधी ठरवायचं.

शोधत बसायची वेळ नसते तेव्हा

काही वेळा हा लेख बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा असतो. माणूस जीव द्यायची भाषा करतोय, निरवानिरव केल्यासारखं बोलतोय, कानात आवाज येतात म्हणतोय, रात्र-रात्र झोप नसताना अफाट उत्साहात पैसे उधळतोय, किंवा माहेरी बाळंतपणाला आलेली लेक बाळाबद्दल भलतंच बोलू लागलीय, अशा वेळी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. घरातलं फवारणीचं औषध आधी घराबाहेर, कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात द्या. कुणी औषध घेतलंच असेल तर तो बरा दिसत असला तरी १०८ ला फोन करा, बाटली सोबत घ्या आणि मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. ‘पोलीस केस होईल’ या भीतीनं लोक उशीर करतात. रुग्णालय पोलिसांना कळवतं हे खरं, पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ असं सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच, उलट सिद्ध होत नाही तोवर, मानायचं आणि त्याच्यावर खटला चालवायचा नाही.

रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारनं तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. तो चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि गरज असेल तर समुपदेशक पुढे तज्ज्ञाशी जोडून देतात. जवळपास कोण आहे हेही तिथे विचारता येतं, हे फार जणांना ठाऊक नसतं.

आधी कागदावर

तातडी नसेल तर पहिलं काम एका कागदाचं. त्रास काय आहे ते आपल्याच शब्दांत लिहा. ‘डिप्रेशन’ लिहू नका. ‘करमत नाही, शेतात जावंसं वाटत नाही, पहाटे तीनला जाग येते, जेवण निम्म्यावर आलंय’ असं लिहा. कधीपासून, आधी काय घडलं, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, आणि यामुळे नेमकं काय बंद पडलं, तेही लिहा. घरात आधी कुणाला असा त्रास होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि व्यसन काय, हे खाली. देवऋषी, गंडेदोरे झाले असतील तर तेही लिहा. लाजायचं कारण नाही, ऐकणाऱ्याला त्याची सवय असते.

धडधड, थकवा, चिडचिड, विसराळूपणा असेल तर एकदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉईड बिघडलेल्या बाईला महिनोन्‌महिने ‘विचार बदला’ सांगण्यात अर्थ नसतो.

कोण काय करतं

औषध लिहिण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञाला असतो. तो एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, गोळ्या देत नाही. तो चाचण्या घेतो, निदानाला मदत करतो आणि ठरावीक पद्धतीनं बोलून उपचार करतो. एमएनंतर दोन वर्षांचं रुग्णालयातलं एम.फिल. ही त्याची आजवरची रूढ पदवी, काहींकडे सायडी (Psy.D.), म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रातली डॉक्टरेट, असते. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एमए किंवा समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम केलेला असतो. नात्यातले ताण, अभ्यास, करिअर, दुःखातून सावरणं यासाठी तो पुरेसा ठरतो. सरकारी दवाखान्यात मनोसामाजिक कार्यकर्ताही भेटतो. घरच्यांना समजावणं, योजना, प्रमाणपत्रं ही कामं त्याच्याइतकी कुणी करत नाही.

आरसीआयची नोंदणी नसलेला प्रत्येक जण बोगस असतो असं नाही. उत्तम एमए समुपदेशक मराठवाड्यात आहेत. पण बुद्ध्यांक चाचणी, स्वमग्नतेचं निदान, तीव्र ओसीडी (पुन्हा पुन्हा हात धुण्यासारखा त्रास) अशा कामाला नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच हवा.

आता तुमच्या त्रासाला कोण

मूल उशिरा बोलतंय, नजर देत नाही, एका जागी बसत नाही, किंवा चौथीत गेलं तरी जोडाक्षरं वाचता येत नाहीत, तर मोठ्यांचं समुपदेशन करणाऱ्याकडे नेऊ नका. मुलांच्या विकासाचं काम रोज करणारा माणूस शोधा. आपल्याकडे सगळ्यात सोपी वाट सरकारी आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ एकाच छताखाली असणं अपेक्षित आहे. पद भरलेलं आहे का, हे निघायच्या आधी फोन करून विचारा. न बोलणाऱ्या मुलाची ऐकण्याची तपासणी सगळ्यात आधी. वाचन-लेखनाची अडचण असेल तर आणखी एक गोष्ट पक्की करा. दहावी-बारावीला बोर्डाच्या सवलती हव्या असतील तर खासगी अहवालावर काम भागेलच असं नाही, अधिकृत शासकीय प्रमाणपत्र लागतं. शाळेत विचारून आधी त्या वाटेनं जा, म्हणजे चाचण्यांवर दोनदा पैसे जाणार नाहीत. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता दोन्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोडतात.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी डीएमआयटी नावाची चाचणी शाळांतून, क्लासमधून खपवली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही. ती करणारा मानसशास्त्रज्ञ असला तरी मी त्याच्या दारात जाणार नाही.

लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांत हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांचं प्रकरण वेगळं. पालकांना ‘मोटिव्हेशन’ देणारा हवा असतो, मुलाला मात्र ऐकणारा हवा असतो. परीक्षेच्या आठवड्यात पोटात गोळा येणं आणि महिनाभर कशातच रस नसणं या दोन गोष्टींतला फरक ओळखणारा, किशोरवयीन मुलांसोबत काम केलेला माणूस शोधा. त्याला थेट विचारा, ‘मुलगा तुम्हाला जे सांगेल त्यातलं आम्हाला काय सांगाल?’ जिवाला धोका असेल तेवढं सांगू, बाकी त्याचं त्याच्यापाशी, अशा अर्थाचं उत्तर आलं तर तो माणूस कामाचा. ‘सगळं सांगतो ना तुम्हाला’ म्हणणाऱ्यासमोर मूल दुसऱ्या भेटीत गप्प होतं. मूल अठरा वर्षांचं झालं असेल तर ते स्वतःच जाऊ शकतं.

ओसीडी, म्हणजे पुन्हा पुन्हा धुणं, कुलूप तपासणं, मनात नको ते विचार येणं. यात नेमकी पद्धत माहीत असणारा माणूस नसेल तर वर्षं वाया जातात, म्हणून इथे थोडं थांबतो. ईआरपी नावाची उपचारपद्धती यात सगळ्यात जास्त तपासलेली आहे. ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीनं सामोरं जायचं आणि नंतरची ती ‘धुण्याची’ कृती करायची नाही, असा तिचा गाभा. फोनवर विचारा, ‘ओसीडीला तुम्ही काय करून घेता?’ भीतीची उतरंड बनवतो, घरी सराव देतो, घरच्यांनी धीर देत राहणं कमी करायला शिकवतो, असं ऐकू आलं तर जा. ध्यान आणि सकारात्मक विचार एवढंच ऐकू आलं तर पुढचा नंबर फिरवा. त्रास जास्त असेल तर सोबत औषधही लागतं.

उदासी, चिंता, पॅनिक अटॅक यांसाठी सीबीटी किंवा आरईबीटी शिकलेला माणूस पाहा. विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या या उपचारपद्धती. आरईबीटीला महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात आणि मराठीतून ती शिकवण्याची इथे चांगली परंपरा आहे. साधारण आठ ते वीस भेटींचा हा मामला असतो. त्रास मध्यम ते तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञही हवा, आणि गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे किंवा जास्तही लागतात. चार दिवसांत गोळी बंद करून ‘लागू पडली नाही’ म्हणू नका.

दारू सोडवायची असेल तर आधी डॉक्टर, मग समुपदेशक. रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली तर थरथर, भास, फिट येऊ शकते आणि जिवावर बेतू शकतं. न सांगता चहातून द्यायच्या पुड्या तर घरात आणूच नका. त्यानंतर व्यसनमुक्तीचं काम केलेला समुपदेशक, आणि गावाजवळ अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा (दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात ती) भरत असेल तर तीही.

नवरा-बायकोच्या वादात दोघांना भेटणारा, दोघांशी काम करायचं शिक्षण घेतलेला माणूस हवा. पण मारहाण होत असेल तर जोडप्याचं समुपदेशन ही पहिली पायरी नव्हे. आधी सुरक्षितता, १८१ ही महिला हेल्पलाइन आणि जिल्ह्याचे संरक्षण अधिकारी.

कर्ज, नापिकी यांच्या ओझ्याखालच्या माणसाला बोलतं करणारा तज्ज्ञ शहरातून आणावा लागेलच असं नाही. २०१५ पासून मराठवाडा-विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आशाताईंमार्फत अशा घरांपर्यंत पोचण्यासाठी सुरू झाला. आशाताईंना विचारा. गावातल्या कुणालाच नसलेली माहिती त्यांच्याकडे असते. फक्त एक खरं सांगायला हवं, कर्जाचा ताण समुपदेशनानं फिटत नाही. जो समुपदेशक बँकेच्या फेरकर्जाचा, पीकविम्याचा प्रश्नही ऐकून घेतो, तोच इथे उपयोगी.

माणसं कुठे असतात

राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, म्हणजे चारही मराठवाड्याबाहेर. पण शंभरातल्या फार थोड्यांना मनोरुग्णालय लागतं. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ आणि लातूरचं विलासराव देशमुख, या शासकीय महाविद्यालयांत मनोविकृतीशास्त्र विभाग आहेत. मला घाटी किंवा अंबाजोगाईची ओपीडी पहिली पायरी म्हणून पटते. गर्दी असते, बसायला बाक मिळत नाही, पण रोगाचं निदान एका माणसाच्या मतावर ठरत नाही. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता असा त्याचा आकृतिबंध आहे आणि ठरलेल्या दिवशी ते तालुक्याच्या रुग्णालयातही जातं. तो दिवस कोणता, हे उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर विचारून घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

सरकारी ओपीडीचा आणखी एक फायदा आहे, त्याला लोक कमी लेखतात. सिव्हिलच्या आवारात तुमची गाडी दिसली तर कुणी काही विचारत नाही. परळी किंवा सेलूसारख्या गावात ‘मनोविकार’ लिहिलेल्या पाटीखाली ती दिसली तर संध्याकाळपर्यंत पाहुण्यांत पोचतं.

हिंगोलीकरांना नांदेड, जालन्याला छत्रपती संभाजीनगर, धाराशिवला लातूर किंवा सोलापूर जवळ पडतं. नाव कुणाकडून घ्यायचं? बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, विशेष शाळेतल्या बाई, विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग. यांना ‘चांगला कोण’ विचारू नका, ‘असा त्रास असलेली मुलं तुम्ही कुणाकडे पाठवता आणि त्यांचं काय झालं’ असं विचारा.

पाटीमागचं तपासायचं

एका बोर्डावर डिप्रेशन, मुलं, लग्न, करिअर, व्यसन, संमोहन आणि खाली वास्तू असं सगळं असेल तर त्या माणसाचं खास काम कोणतं हे त्यालाही सांगता येणार नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयचा सीआरआर, म्हणजे नोंदणी, क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नावानिशी पाहा. नोंदणीला मुदत असते, ती संपलेली नाही ना तेही बघा. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दिसते. नावामागे नुसतं ‘डॉ.’ असलं म्हणजे कळत नाही. ते मानसशास्त्रातली पीएच.डी. असू शकतं, होमिओपॅथी असू शकतं, भलत्याच विषयातलं मानदही असू शकतं. पीएच.डी. हा संशोधनाचा पुरावा आहे, उपचाराच्या प्रशिक्षणाचा नव्हे. ‘शंभर टक्के बरा करतो’, ‘एका बैठकीत’, ‘बाहेरची बाधा काढतो’ यापैकी काहीही कानावर आलं की फोन ठेवा.

फोनवर काय बोलायचं

बरेच जण फक्त ‘फी किती आणि नंबर कधी’ विचारतात. व्हॉट्सअ‍ॅपवर असा निरोप टाकून पाहा: ‘नमस्कार. माझी बहीण २४ वर्षांची आहे. वर्षभरापासून दिवसातून बऱ्याच वेळा हात धुते, त्यामुळे कॉलेज सुटलं. तुम्ही अशा पेशंटसोबत नियमित काम करता का? कोणत्या पद्धतीनं करता? नसेल तर कुणाकडे पाठवाल?’ शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘हे माझं क्षेत्र नाही, अमक्यांकडे जा’ म्हणणारा भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा, पुढे कधीतरी दुसऱ्या कारणासाठी तोच लागेल.

होकार आला तर पुढचं विचारा. भेट किती वेळाची? (साधारण ४५ ते ६० मिनिटं अपेक्षित, दहा मिनिटांत समुपदेशन होत नाही.) चाचण्यांचे पैसे वेगळे का, आणि लेखी अहवाल मिळतो का? औषधाची गरज पडली तर कोणत्या डॉक्टरांसोबत काम करता? आणि भाषा. पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ ऑनलाइन कितीही मोठा असला, तरी आजीला ‘जीव खालीवर होतंय’ हे त्याच्यासाठी प्रमाण मराठीत करून सांगावं लागत असेल तर अर्धं तिथेच राहतं. घरी दख्खनी किंवा गोरमाटी बोलत असाल तर ती समजणारं कुणी आहे का, हे मोकळेपणानं विचारा.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. हे पहिल्याच फोनवर सांगा. सहा महिने पुरेल अशी आखणी, फोनवरच्या भेटी आणि कारखान्याजवळचं सरकारी रुग्णालय हे सगळं आधी ठरवता येतं. मधेच गोळ्या संपल्या की उपचार तुटतो.

ऑनलाइनचा मार्ग

तुमच्या जिल्ह्यात त्या कामाचा माणूस नसेल तर मला ही जोडी व्यवहार्य वाटते: औषधासाठी जवळचा मानसोपचारतज्ज्ञ आणि बोलण्याच्या उपचारासाठी ऑनलाइन मानसशास्त्रज्ञ. दोघांना एकमेकांचे नंबर द्या. नोंदणी तपासायचा नियम इथेही तोच. अडचण नेटवर्कपेक्षा खोलीची असते. चार खोल्यांत आठ माणसं असलेल्या घरात सासूबद्दल बोलायचं कसं? मळ्यात, उभ्या गाडीत, मैत्रिणीच्या घरी, असं ठिकाण आधीच हेरा. लहान मुलांच्या चाचण्या आणि वर सांगितलेली तातडीची लक्षणं यासाठी ऑनलाइन चालत नाही.

पहिल्या तीन भेटी

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ माहिती घेण्यात जातो, तेव्हा लगेच हलकं वाटेलच असं नाही. तिसऱ्या भेटीच्या शेवटी मात्र तीन गोष्टी तुम्हाला सांगता यायला हव्यात. त्रासाबद्दल त्याचं म्हणणं काय, कशासाठी काम चाललंय, आणि घरी काय करायचंय. सांगता येत नसेल तर विचारा, विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बोलताना जात, गाव, लग्न यांवरून टोमणे, तुमच्या गोष्टी दुसऱ्या नातेवाइकाला परस्पर सांगणं, देवधर्माचे उपाय गळ्यात मारणं, किंवा स्पर्श, रात्रीचे मेसेज, उसनवारी यातलं काही घडलं तर चौथी भेट नको. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंच दिलाय.

माणूस वाईट नसून फक्त तुमच्या त्रासाला योग्य नाही असंही होतं. तेव्हा अचानक जाणं बंद करू नका. ‘मला या त्रासाचं खास काम करणारं कुणी सुचवाल का?’ असं विचारा आणि आतापर्यंतच्या चाचण्यांचे अहवाल, निदान, काय करून पाहिलं याची एक पानी नोंद मागून घ्या. आधीचा केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि ती नोंद एका फाइलमध्ये लावा. पुढच्या तज्ज्ञाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही आणि झालेल्या चाचण्या पुन्हा करायचं टळतं. गोळ्या चालू असतील तर नवा डॉक्टर भेटेपर्यंत त्या बंद करायच्या नाहीत, तेवढ्या दिवसांच्या चिठ्ठीवर आधीच सही घेऊन ठेवा.